साफ केलेलं रान

आमच्या सरांना नमस्कार करायची चोरी होती. नुसते हात जोडले तरी ते जोडलेले हात तसेच धरून नाकापाशी न्यायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि तुम्ही सकाळी कुठल्या साबणाने आंघोळ केलीत ते चारचौघांत सांगायचे. मग त्या साबणात काय काय असतं ते, आणि त्यामुळे तुमच्या कातडीचं पुढे काय होणार तेही सांगायचे. आमच्या लॅबमध्ये या प्रकाराला ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणत. नवीन आलेल्या मुलींना आम्ही आधीच बजावून ठेवायचो, की बाई, हात ॲप्रनच्या खिशात ठेव, ओढणीत गुंडाळ, काहीही कर, पण सरांसमोर मोकळे सोडू नकोस.

एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचाच हात हुंगला. स्टेजवर, फोटोवाल्यासमोर. ‘हळदीत रंग घातलाय,’ म्हणाले, आणि शुभेच्छा देऊन शांतपणे जेवायला गेले. हळदीत रंग होता की नाही ते कोणी तपासलं नाही, पण नवरीच्या आईने त्यानंतर आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटशी बोलणं टाकलं.

नाक नेहमी बरोबर निघायचं असंही नाही. एकदा माझा हात हुंगून ते म्हणाले, ‘चंदन.’ त्या दिवशी घरातला साबण संपला होता आणि मी नुसत्या पाण्याने आंघोळ करून आले होते. तसं सांगितलं तर म्हणतात, ‘मग तुमच्या बादलीला असेल.’ हार म्हणून मानायची नाही. मी नंतर घरी जाऊन बादली हुंगून बघितली, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आम्ही होतो. कपड्यांची पावडर आणि भांडी घासायची वडी बनायची. सर लॅबचे मुख्य. त्या वडीला जो लिंबाचा वास यायचा तो सरांनी बसवलेला होता, आणि त्या लिंबात लिंबू औषधालाही नव्हतं. त्या वासावर कंपनीचं बरं चाललं होतं. सरांना त्याचा अभिमान होता, म्हणजे आधी होता.

तो कसा गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक नाला आहे, तो पुढे तळवलीकडून खाडीला मिळतो. एका दुपारी आम्ही जेवून पाय मोकळे करायला तिकडे गेलो, तर नाल्यावर फेस. पांढराशुभ्र, कमरेइतका. सर काठाने खाली उतरले. त्यांनी ओंजळभर फेस उचलला आणि हुंगला.

‘हा आपला आहे,’ ते म्हणाले.

‘सर, इथे रांगेने कारखाने आहेत. कोणाचाही असेल.’

‘अगं, मी माझं पोर ओळखणार नाही का?’

मी हसले. मला वाटलं, सरांचं नेहमीचं काहीतरी. त्यांनी काही महिन्यांत राजीनामा दिला. साहेबांनी बोलावून कारण विचारलं तेव्हा सरांनी एकच वाक्य सांगितलं, ते पुढे आमच्यात म्हणीसारखं झालं: ‘साबण माणूस अंगाला लावतो असं त्याला वाटतं. खरं म्हणजे तो खाडीला लावतो. अंगावर घटकाभर, खाडीत जन्मभर.’ साहेबांनी यावर चहा मागवला.

सरांनी लग्न केलं नव्हतं. घणसोलीत वन बीएचके होता. त्याच्या गॅलरीत त्यांनी स्वतःचा साबण करायला सुरुवात केली. खोबरेल, करंजाचं तेल, उंडीचं तेल, आणि त्या तेलांत मुरवलेल्या रानातल्या वनस्पती. नागरमोथ्याच्या गाठी, माका, निरगुडीचा पाला. करंजाच्या तेलाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सोसायटीचं काय झालं असेल ते कळेल. सेक्रेटरी वर आले, म्हणाले, ‘सर, टेन्शन देऊ नका ना, चौथ्या मजल्यापर्यंत कम्प्लेंट आहे.’ सरांनी त्यांचा हात धरला आणि हुंगला. सेक्रेटरी त्यानंतर फक्त नोटिसा पाठवायचे.

पण साबण झाला मात्र अस्सल. इतकी वर्षं लॅबमध्ये काम करून माझ्या हातांची सालटी निघायची, रात्री चादरीला लागली की ओरखडे उठायचे. सरांची ती ओबडधोबड, मातकट रंगाची वडी वापरायला लागले आणि महिन्याभरात हात माणसांत आले. त्यामुळेच पुढे रविवारी रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन हिंडले. माझा नवरा अजून विचारतो की तू का जायचीस. हात दाखवते मी त्याला.

हिंडणं कशासाठी? तर वनस्पतींसाठी. बाजारात गोणीच्या गोणी मिळतात, पण सर गोणीत हात घालून हुंगायचे आणि नाक मुरडायचे. ‘ही निरगुडी फवारलेल्या बांधावरची आहे.’ ‘हा मोथा खत घातलेल्या शेतातला, याला वासच नाही, नुसता फुगलाय.’ त्यांना आपोआप उगवलेलं हवं होतं, तेही अशा जमिनीत की जिथे काही वर्षं कोणी काही फवारलं नाही, जाळलं नाही, खणलं नाही. ‘जमीन आधी बरी व्हायला पाहिजे,’ म्हणायचे. ‘आजारी बाईच्या हातचं जेवण मागू नये.’

आता नवी मुंबईत अशी जमीन कुठे? जी मोकळी दिसते तिच्यावर कुणाचा तरी बोर्ड असतो. आम्ही उरणच्या बाजूला जायला लागलो. मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, वाटेत जी गावं लागतील त्यांत उतरायचं. सर कुणाच्याही बांधावर उकिडवे बसून मातीचं ढेकूळ नाकाला लावायचे. लोकांना वाटायचं, हा एजंट. एका गावात तर पोरं अंगावर धावून आली, आम्ही गाडीत बसून पळालो. सर म्हणाले, ‘बरं झालं. ती माती मेलेलीच होती.’

मग एक दिवस असंच एका उतारावर बसलेले असताना मागून आवाज आला, ‘काय हुंगतंस रं? कुत्रा हायस का काय?’

काळीसावळी, काटक म्हातारी. कमरेला कोयता, डोक्यावर लाकडांचा भारा. मला वाटलं, आता हिचंही ऐकून पळावं लागणार.

सर म्हणाले, ‘मावशी, तुमची माती जिवंत आहे.’

‘मंग? मेली ती आमची मानसा. माती कशाला मरल?’

तिथे दोघांचं जुळलं. म्हातारीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं कंटेनरच्या यार्डात कामाला. शेत डोंगराच्या पायथ्यापासून खाली खाडीच्या बांधापर्यंत गेलेलं. मधल्या काळात कोणीतरी विटांसाठी त्याची माती उचलून नेली, मग बांध फुटून खारं पाणी शिरलं, आणि भात पिकेना म्हणून ते तसंच पडलेलं. सरांनी ते मागून घेतलं. भाडं ती घेईना. ‘गवताचा कसला भारा?’ म्हणाली. भारा म्हणजे तिचं भाडं. सर दर खेपेला तिच्यासाठी साबण न्यायचे आणि ती त्यांना तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खाऊ घालायची.

त्या शेतात सरांनी जे केलं ते म्हणजे जवळजवळ काहीच न करणं. बांध दगडांनी सांधला, गुरं येणं बंद केलं, पडलेला पाला पडू दिला. बाकी वाट बघत बसायचं. मी म्हणायचे, ‘सर, यासाठी तुम्हाला एवढं शिकायची काय गरज होती?’ ते म्हणायचे, ‘हात आवरायलाच जास्त शिकावं लागतं.’ पहिल्या वर्षी टाकळा आणि आघाडा सोडून काही आलं नाही. मग खालच्या ओलीत मोथा आला. मग माका. बांधावर निरगुडी पसरली, खाडीच्या बाजूला जुने करंज आणि उंडी होत्याच, त्यांच्याखाली त्यांची रोपं उठली. सर मला पाहुण्यांसारखी ओळख करून द्यायचे, ‘ये, बघ यंदा कोण आलंय.’ आणि खरंच सांगते, एरवी खडूस असलेला तो माणूस त्या गवतात उभा राहिला की तरुण दिसायचा.

नियम कडक. मोथ्याच्या बेटाची एकच बाजू खणायची, बाकीचं सोडायचं. करंजाच्या शेंगा पडलेल्याच वेचायच्या. आणि तिथे उभं राहून ‘तण’ हा शब्द उच्चारायचा नाही. मी एकदा म्हटलं तर सरांनी मला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. ‘पडीक’ म्हटलेलंही चालायचं नाही. ‘तू झोपलेली असताना तुझा नवरा तुला पडीक म्हणतो का?’

म्हातारी मात्र या सगळ्याला बोलाचालीत रानच म्हणायची, आणि तिला त्याची मनातून लाज होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपण फ्लॅटमधली माणसं, आपल्याला हिरवं दिसलं की बरं वाटतं. पण जिने जन्मभर शेत राखलं तिला शेतात रान माजणं म्हणजे घरात केर साठल्यासारखं. मला ती एकदा म्हणाली, ‘बाय, लोक हसतान मना. म्हातारी मेली का काय, शेतान रान माजलाय, असा बोलतान. पन तुज्या सरांना पायजे ना, म्हनून मी गप.’ सरांवर तिचा इतका जीव. तिला भाऊ नव्हता. एका भाऊबीजेला तिने सरांना पाटावर बसवलं आणि ओवाळलं. सर आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा हात न हुंगता नमस्कार करून उठले.

पेच मुलांचा होता. त्या भागातली शेतं एकेक करून मुरूम टाकून सपाट होत होती आणि त्यांवर कंटेनर चढत होते. महिन्याला चांगले पैसे मिळतात, घरबसल्या. मुलं म्हणायची, आई, आपण काय वेडे? म्हातारी म्हणायची, सरांचं काम मार्गी लागू दे. शेवटी घरात असं ठरलं, की सरांच्या या कामासाठी कोणी मोठं गिऱ्हाईक दिवाळीच्या आत कायमचं बांधून मिळालं तर शेत राहील. नाहीतर यार्ड. सरांना एवढी एकच संधी होती आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जन्मात कोणापुढे हात न पसरलेला तो माणूस त्यानंतर फोन करत सुटला. बऱ्याच ठिकाणी नकार आला. मग नैसर्गिक साबण बनवणाऱ्या एका कंपनीची बाई तयार झाली. तरुण, हुशार, बोलायला चांगली. तिला असंच काहीतरी हवं होतं: बरी झालेली जमीन आणि तिच्यावर आपण होऊन उगवलेलं रान. सर तिच्याशी फोनवर तासन् तास बोलायचे. होळीनंतर ती माणसं घेऊन बघायला येणार असं ठरलं. सरांनी म्हातारीला सांगितलं, ‘मावशी, पाहुणे येणार आहेत शेत बघायला. त्यांना आवडलं की काम झालं.’

एवढंच सांगितलं. पुढचं काही सांगायला हवं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही.

त्या दिवशी आम्ही कंपनीच्या गाडीच्या पुढे होतो. वळण घेतलं आणि समोर उतार काळा दिसला. वरपासून खालपर्यंत काळा. भाताच्या रोपांसाठी पूर्वी राब भाजायचे तसा सगळा उतार भाजून काढलेला, राख झाडून बांधाला लावलेली. बांधावरची निरगुडी बुडापासून छाटून तिचा व्यवस्थित ढीग रचलेला. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून वाटेवर उभी होती. सून नारळ सोलत होती.

‘बगा,’ ती म्हणाली, ‘कसा आंगन झालाय! मी आन सून लागलेलो कवापासून. पाव्हने येवाचे आन शेत असा? गवात तुमचा नाद, पाव्हने तं शेत बगनार. तुमची इज्जत ती माजी इज्जत.’

मी सरांकडे बघितलं. या माणसाने साहेबांना सोडलं नव्हतं, नवरदेवाला सोडलं नव्हतं, मला एका शब्दासाठी गाडीत बसवलं होतं. आता हा काय बोलेल? सर त्या काळ्या जमिनीकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, ‘छान केलंत, मावशी. एवढे कष्ट कशाला घेतलेत?’

कंपनीची बाई उतरली आणि जागच्या जागी थांबली. तिने सरांना बाजूला घेतलं. ‘सर, हे काय? इथे तर जाळलंय सगळं. आमची पहिली कंडिशनच ती होती ना? मी माझ्या लोकांना काय दाखवू?’ ती चिडली नव्हती, खरं तर तिला वाईट वाटत होतं. सर म्हणाले, ‘माझी चूक झाली.’ म्हातारी नारळपाणी घेऊन सगळ्यांमागे हिंडत होती. निघताना ती बाई सरांना म्हणाली, ‘पावसात परत आलं तर फोन करा. मी एकदा येईन. पण एकदाच हं, सर.’

परतताना गाडीत माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘सर, तुम्ही तिला सांगत का नाही? सगळ्या जगाला सांगता!’

‘काय सांगू? की बाई, तू तुझ्या हाताने घालवलंस?’ ते म्हणाले. ‘सांगितलं की ती झोपणार नाही. मी ओळखतो तिला.’ मग स्वतःशीच बोलल्यासारखे, ‘वरचं जळालंय. मोथ्याच्या गाठी खाली असतात. त्यांना काही होत नाही. निरगुडी तर छाटली की जास्त फुटते.’

आणि तसंच झालं. श्रावणात आम्ही गेलो तर उतार हिरवा. मोथा पूर्वीपेक्षा दाट, माका गुडघ्याला लागणारा, निरगुडीला लांब लांब नवे कोंब. सर अक्षरशः त्यात बसले. एक गाठ उपटून मला हुंगायला दिली. मला नाकाचं काही कळत नाही, पण तो वास मला अजून आठवतो. ओल्या मातीत कोणी कापूर पुरून ठेवावा तसा होता. त्यांनी तिथूनच त्या बाईंना फोन लावला. गणपतीनंतरचा दिवस ठरला.

मी त्यांना परत म्हटलं, ‘आता तरी सांगा. मागचं नका काढू. नुसतं म्हणा, मावशी, हे असंच राहू द्या, आम्हाला हेच हवंय.’

‘असं म्हटलं की ती विचारील, मग मागच्या वेळेला?’

‘विचारू दे!’

‘ती काय अडाणी आहे? एका मिनिटात जोडेल सगळं.’ पण माझं बोलणं त्यांना थोडं पटलं असावं. ओटीवर चहा पिताना ते म्हातारीला म्हणाले, ‘मावशी, पाहुणे परत येतायत. पण या खेपेला तुम्ही काही कष्ट करायचे नाहीत हं. वय झालंय. तुम्ही उन्हात वाकता ते मला आवडत नाही.’

म्हातारीचे डोळे भरले. ‘नाय करत,’ ती म्हणाली. ‘भावानं सांगितला, आता नाय करत.’

मला ते पुरेसं वाटलं नाही, पण सर खूश होते. सगळं साधलं, असं त्यांना वाटलं. जाळायचं थांबलं आणि तिला कळलंही नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी, काय सांगू, गाणं म्हटलं. त्यांना गाता येत नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी आम्ही गेलो. सर दार उघडून उतरले आणि गाडीपाशीच थांबले. मी विचारलं, काय झालं. मला काही वास आला नाही, मला नुसतं दिसलं. उतार पिवळा पडला होता. पिकल्यासारखा नाही, आजारी माणसाच्या डोळ्यांत असतो तसला पिवळा. मोथ्याची पाती दोरीसारखी वळलेली, माका मान टाकून आडवा. निरगुडीचा पाला काळा. बांधावर पाठीवरचा फवारणीचा पंप उन्हात वाळत ठेवला होता.

म्हातारी ओटीवरून हसत उतरली. हात वर करून दाखवले तिने, रिकामे. ‘बगा, काय केला नाय मी! तुमी बोललाव ना, मावशी कष्ट करू नको? यंदा कोयता नाय, जाल नाय. पोऱ्यानं औषिद मारला. पार खालपासून मरतं, असा दुकानवाला बोल्ला. परत येनारच नाय.’

सर चालत गेले आणि खाचरात वाकले. बोटांनी माती उकरून त्यांनी एक गाठ काढली, नखाने फोडली. आतून ती तपकिरी, मऊ झाली होती. आम्ही दोघंही जन्मभर रसायनांत काम केलेली माणसं. त्या पंपात काय होतं आणि ते कुठवर पोचतं, हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

माझ्या तोंडात शब्द आले होते. रागाने मला रडू फुटत होतं. मी म्हटलं, ‘मावशी, तुम्हाला माहीत आहे का...’ आणि सरांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

‘आता तरी घेतीन ना ते?’ म्हातारीने विचारलं.

‘घेतील,’ सर म्हणाले.

कंपनीला फोन मी केला. त्यांच्याने झाला नाही. ती बाई ‘अरेरे’ म्हणाली. दिवाळीच्या आतच मुरमाचे डंपर लागले. उंडी आणि करंज आधी तोडले, कारण कंटेनर फिरवायला जागा लागते. म्हातारी मुलांशी भांडली, पण ठरल्याप्रमाणे तिला गप्प बसावं लागलं. सरांनी साबण करणं सोडलं. गॅलरीत आता वॉशिंग मशीन आहे, आणि सोसायटीत सगळे म्हणतात की सर किती निवळले.

मी त्यांना माफ केलेलं नाही. जगाला टोचून टोचून खरं सांगणारा माणूस, आणि जिथे एका खऱ्या वाक्याने सगळं वाचलं असतं तिथे तो दयाळू झाला. ही कसली दया? मी हे त्यांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं, आणि ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.

यंदाच्या भाऊबीजेला मी त्यांना म्हातारीकडे घेऊन गेले. ओटीवरून समोर आता कंटेनरच दिसतात, लाल, निळे, एकावर एक. तिने सरांना पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि त्यांच्या पुढ्यात करंज्यांची ताटली ठेवून ती स्वतःच अपराध्यासारखी म्हणाली, ‘तुमचे पाव्हने लबाड निंगाले, भाव. आपन एवढा केला, तरी आले नाय.’

‘लबाडच,’ सर म्हणाले.

‘पन मागं परसान एक तुकडा हाय अजून. तो माज्या नावाचा, पोरांचा नाय. तितं तुमचा तो गवात आलाय बगा.’

मागच्या दारातून तो तुकडा दिसत होता. मोरीच्या पाण्याच्या ओलीवर मोथा दाट माजलेला, पलीकडे निरगुडीचं एक झुडूप, निळ्या तुऱ्यांनी भरलेलं. खाडीकडून उडत आलं की कोणाच्या पायांना लागून आलं, कोण जाणे. मी सरांकडे बघितलं. तेही तिकडेच बघत होते, हातातली करंजी तशीच धरून.

‘दुसरे कोनी असतील तर आना,’ म्हातारी म्हणाली. ‘मी साफ करून ठेवते.’

मला वाटलं, आता. आता तरी बोलतील. जेमतेम चटईएवढी जागा होती ती, पण होती. मी मनात म्हणत होते, सर, बोला, एक वाक्य, ती ऐकेल, ती तुमचं काहीही ऐकेल. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होती, की मला मान फिरवावी लागली.

‘ठेवा,’ सर म्हणाले.

म्हातारी लगेच उठली. सुनेने कोयता कुठे ठेवलाय ते विचारत ती आत गेली. आम्ही तिचा निरोप घेऊन गाडीत बसलो तेव्हा मागून छाटल्याचा आवाज येत होता. सरांनी पट्टा लावला, काच वर केली, आणि म्हणाले, ‘चल.’